कीबोर्ड घेताय, पण कशासाठी?

इन्स्टाग्रामवर कीबोर्डची एक रील चुकून पूर्ण बघितली की पुढचा आठवडा सुटका नाही. ॲल्युमिनियमची बॉडी, जांभळे-निळे लाइट, आत फोमचे थर, प्रत्येक स्विचला ब्रशने लावलेलं वंगण आणि शेवटी डोळे मिटून ऐकायचा तो आवाज. त्या आवाजालाही नावं आहेत, 'थॉक' काय, 'क्रीमी' काय! खाली कॉमेंट्समध्ये किंमत विचारली जाते आणि उत्तर कधी आठ हजार, कधी पंचवीस हजार असं येतं.

आता दुसरं दृश्य बघा. तालुक्याच्या गावातली टायपिंग इन्स्टिट्यूट, सकाळी सातची बॅच. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली, स्पेसबार एका बाजूने दाबला तरच चालतो. आणि त्या कीबोर्डवर बसलेल्या मुलीला मिनिटाला ३० मराठी शब्दांचं सर्टिफिकेट हवं आहे, कारण त्याशिवाय लिपिक-टंकलेखकाच्या जागेवर तिचा दावा टिकणार नाही.

एका टोकाला कीबोर्ड हा शौक आहे, दुसऱ्या टोकाला तो 'मिळेल तो' आहे. मधली जागा मात्र रिकामीच दिसते. सुतार पटाशी निवडतो, शिंपी कात्री निवडतो, तसं कामाचं औजार म्हणून कीबोर्ड निवडणारे आपल्यात फार कमी. खरं तर आपल्या पिढीतल्या बहुतेकांचं पोट या ना त्या प्रकारे टाइप करण्यावरच चालणार आहे.

कुणीच न निवडलेली वस्तू

कॉम्प्युटर घेताना आपण काय विचारतो? रॅम किती, प्रोसेसर कोणता, एसएसडी आहे का. कीबोर्डबद्दल कुणी विचारत नाही, कारण तो 'सोबत येतो'. कॉलेजची लॅब असो, ऑफिस असो की सरकारी खातं, डेस्कटॉपच्या खोक्यातून जे निघेल ते टेबलावर जातं. खरेदी कमीत कमी दराच्या निविदेवर होते आणि पैसे वाचवायचे असले की पहिली कात्री लागते ती अशा दुय्यम मानलेल्या वस्तूंना. म्हणजे माणसाच्या बोटांचा दिवसभर ज्या एका वस्तूशी संबंध येतो, तीच कुणी निवडलेली नसते.

सरकारी हिशेबातही हाच दृष्टिकोन दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांच्यावरचा कर शून्यावर आला. चांगलंच झालं. कीबोर्डवर मात्र १८ टक्के कायम आहे. वही ही शिकण्याची गरज आणि कीबोर्ड ही इलेक्ट्रॉनिक वस्तू, अशी ही विभागणी. प्रोजेक्ट, असाइनमेंट, नोकरीचा अर्ज, सगळंच टाइप करून द्यावं लागतं, तेव्हा ही विभागणी जरा जुनी वाटत नाही का?

आत काय असतं?

निवड करायची तर आधी बटणाखाली काय आहे ते कळायला हवं. फार अवघड नाहीये.

पाचशे-सातशे रुपयांत मिळणारा साधा कीबोर्ड हा 'मेम्ब्रेन' असतो. सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पातळ थर, त्याला छोटे छोटे घुमट. बटण दाबलं की घुमट चेपतो आणि खालच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावरचा संपर्क जुळतो. अक्षर उमटायला बटण जवळजवळ तळापर्यंत दाबावं लागतं. रबर जुनं झालं की कुठे कडक होतं, कुठे सैल पडतं, आणि मग प्रत्येक बोटाला वेगवेगळा जोर लावावा लागतो.

लॅपटॉपमध्येही रबरच असतं, पण त्याच्याभोवती कात्रीसारखी छोटी प्लास्टिकची चौकट असते. म्हणून बटण डुगडुगत नाही. पण ते खाली जातं जेमतेम एक-दीड मिलिमीटर.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. जर्मनीच्या चेरी कंपनीचे 'एमएक्स' स्विच हे यातलं जुनं, मापदंड मानलं जाणारं नाव. त्यात बटण एकूण चार मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे प्रत्येक वेळी तळाशी बोट आपटण्याची गरज उरत नाही. रंगांवरून प्रकार ओळखतात. लाल स्विच सरळ आणि हलका, तपकिरी स्विच दाबताना मधेच बारीकसा अडथळा देऊन 'अक्षर उमटलं' असं बोटाला सांगतो, आणि निळा तेच सांगतो पण 'टक्' असा आवाज करून.

टिकण्याचा फरकही समजून घेऊ. साध्या मेम्ब्रेन कीबोर्डचं आयुष्य प्रत्येक बटणामागे ५० लाख ते १ कोटी दाब असं सांगितलं जातं. चांगल्या मेकॅनिकल स्विचचं ५ कोटी किंवा त्याहून जास्त. आता हिशेब करा. समजा कुणी तासाला ८ हजार बटणं दाबतं, दिवसाला पाच तास, वर्षाला ३०० दिवस. झाले १ कोटी २० लाख दाब. त्यातला सहावा भाग एकट्या स्पेसबारचा धरला तर वर्षाला २० लाख. म्हणजे ५० लाखांचा स्पेसबार अडीच वर्षांत थकतो, ५ कोटींचा पंचवीस वर्षं चालू शकतो. धूळ, चहा आणि पोरांची दांडगाई यांचा हिशेब वेगळा! पण टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एकाच कीबोर्डवर दिवसभर एकामागून एक बॅच बसते, तिथे हा हिशेब आणखी लवकर संपतो हे उघड आहे.

सेकंदाला तीन

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना कीबोर्डचा विषय चैनीचा वाटण्याची शक्यता आहे. पण आकडे वेगळंच सांगतात.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. टायपिंगच्या परीक्षा पूर्वी टाइपरायटरवर व्हायच्या, आता महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची 'जीसीसी-टीबीसी' ही परीक्षा कॉम्प्युटरवर होते. केंद्राच्या पातळीवर स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीएचएसएल परीक्षेत इंग्रजीसाठी ३५ शब्द प्रति मिनिट लागतात. कमिशनच्याच मापात सांगायचं तर तासाला १०,५०० दाब. म्हणजे सेकंदाला जवळपास तीन.

सेकंदाला तीन या वेगात बोटं एकमेकांसाठी थांबत नाहीत. पहिलं बटण पूर्ण वर यायच्या आत दुसरं दाबलेलं असतं, त्यात शिफ्ट धरलेलं असतं. हलक्या प्रतीच्या कीबोर्डमध्ये एकाच वेळी दाबलेली बटणं वेगवेगळी ओळखण्याची क्षमता, म्हणजे 'रोलओव्हर', तुटपुंजी असते. मग एखादं अक्षर गळतं. आपल्याला वाटतं आपणच चुकलो. मागे जायचं, खोडायचं, परत टाइप करायचं, यात वेग तर जातोच, पण त्याहून जास्त आत्मविश्वास जातो.

याचा अर्थ महागडा कीबोर्ड घेतला की स्पीड वाढतो असा नाही. स्पीड वाढतो तो सरावाने, आणि न बघता टाइप करण्याच्या सवयीने. कीबोर्डचं काम एवढंच, की त्याने मधे येऊ नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. परीक्षा केंद्रावर साधारणपणे तिथलाच कीबोर्ड वापरावा लागतो आणि तो बहुधा साधा, पूर्ण आकाराचा मेम्ब्रेन असतो. त्यामुळे घरी एखाद्या नाजूक, हलक्या, अतिलहान कीबोर्डवर सराव केला तर परीक्षेत हात अडखळणार. परीक्षेची तयारी करणाऱ्याने पूर्ण आकाराचा, वायरचा, नेहमीच्या मांडणीचा कीबोर्डच घ्यावा. त्यात बटणं मेकॅनिकल असली तर सराव सुखाचा होतो, पण शेवटच्या महिनाभरात रोज थोडा वेळ साध्या कीबोर्डवरही बसावं. क्रिकेटपटू सामन्याआधी त्या खेळपट्टीवर सराव करतो, तसंच.

मराठीची करंगळी

कीबोर्डचे जे व्हिडिओ आपण बघतो, ते जवळपास सगळे इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी केलेले असतात. मराठी टाइप करणाऱ्याच्या हाताचा विचार त्यात नसतो. आणि तो वेगळा करावा लागतो.

भारतीय लिप्यांसाठी १९८०च्या दशकात 'इन्स्क्रिप्ट' हा प्रमाण कळफलक तयार झाला. त्याची रचना फार हुशार आहे. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ग-घ एकाच बटणावर, महाप्राण हवा असेल तर शिफ्ट. मराठीत शिकलेला हा कळफलक कन्नड किंवा गुजरातीलाही चालतो, कारण मांडणी तीच.

पण इंग्रजीत सव्वीस अक्षरं, आपल्याकडे कितीतरी जास्त. त्यामुळे उरलेली अक्षरं इंग्रजीतल्या विरामचिन्हांच्या बटणांवर गेली. अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट, चौकटी कंसावर ड, स्लॅशवर य, उलट्या स्लॅशवर 'ऑ'चा अर्धचंद्र-काना. ही सगळी बटणं कुणाच्या वाट्याला? उजव्या हाताच्या करंगळीच्या. शिवाय पीच्या बटणावर ज आहे, तोही तिचाच.

'डॉक्टर' हा शब्द घ्या. इन्स्क्रिप्टमध्ये सहा बटणं: ड, अर्धचंद्र-काना, क, हलन्त, ट, र. त्यातली तीन एकट्या करंगळीने दाबायची. हाच शब्द इंग्रजीत टाइप केला तर करंगळीला हलायचंही काम नाही. 'योजना' हा सरकारी कागदावरचा लाडका शब्द. त्यातला य आणि ज दोन्ही उजव्या करंगळीचे. 'चटणी'तले पहिले दोन तिचेच.

आता या नजरेतून बाजारातले कीबोर्ड बघा. काही लहान लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला उजव्या कडेची बटणं आक्रसलेली असतात. इंग्रजीवाल्याला फरक पडत नाही, तिथे त्याचे कंस आणि स्लॅश आहेत. आपले तिथे ड, ट आणि य आहेत! काही परदेशी मांडणीच्या कीबोर्डमध्ये एंटर उभा आणि मोठा असतो, त्यामुळे उलट्या स्लॅशची जागा बदलते. म्हणजे 'कॉलेज', 'ऑफिस', 'डॉक्टर' टाइप करताना दर वेळी बोट चुकणार. करंगळी हे सगळ्यात अशक्त बोट. तिच्या वाट्याला एवढं काम असेल तर बटण हलकं हवं. त्यामुळे मराठीत भरपूर टाइप करणाऱ्याने जड स्प्रिंगचा स्विच घेऊ नये, हा सल्ला कुठल्याच अनबॉक्सिंग व्हिडिओत मिळणार नाही.

फोनसारखं रोमन लिपीत 'आहे'चं स्पेलिंग टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही. गप्पांना ती पद्धत ठीकच आहे. पण रोज पानं भरायची असतील तर एका अक्षरासाठी दोन-तीन बटणं दाबणं, वर सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो निवडणं, यात वेळ जातो.

अक्षर छापलं, पुढे काय?

हा विषय आत्ता महत्त्वाचा का, तर ३ फेब्रुवारी २०२५चा शासन निर्णय. सरकारी, निमसरकारी कार्यालयं, स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळं या सगळीकडे मराठीचा वापर सक्तीचा करणारा हा निर्णय. मराठीत बोलण्याची सक्ती, फलक मराठीत, हे मुद्दे बातम्यांत गाजले. त्यातला एक मुद्दा मात्र फारसा चर्चेत आला नाही. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांसोबत मराठी देवनागरी अक्षरंही असावीत, असंही त्यात म्हटलं आहे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मराठी भाषा धोरणाला धरून हे आलं. मधल्या काळात, ३ ऑक्टोबर २०२४ला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला.

निर्णय योग्यच आहे. पण त्यातून दोन प्रश्न उभे राहतात.

पहिला, अक्षरं कोणती छापायची? देवनागरी अक्षरं छापलेले कीबोर्ड सहसा इन्स्क्रिप्टच्या मांडणीचे असतात. पण टाइपरायटरच्या परंपरेतून आलेले असंख्य टंकलेखक रेमिंग्टन पद्धतीवर तयार झाले आहेत. ती मांडणी पूर्ण वेगळी. टाइपरायटरच्या सवयीत 'कि' लिहिताना आधी पहिली वेलांटी आणि मग क. इन्स्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. रेमिंग्टनवर शिकलेल्या माणसासमोर इन्स्क्रिप्टची अक्षरं ठेवली तर ती त्याच्या कामाची नाहीत, उलट गोंधळ. म्हणजे प्रश्न छपाईचा नाही, प्रशिक्षणाचा आहे. शिकवायचं एक, परीक्षेला दुसरं आणि टेबलावर तिसरं, असं होऊन चालणार नाही.

दुसरा प्रश्न, अक्षरं टिकणार किती? चिकटवलेले स्टिकर काही महिन्यांत कडेने सुटतात, बोटाला चिकट लागतात. वरवर छापलेली अक्षरं घासून जातात. रंग प्लास्टिकच्या आत मुरवलेली, किंवा दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतून केलेली अक्षरं वर्षानुवर्षं जात नाहीत. हे निविदेत लिहिलं तर मिळेल. नाही लिहिलं तर स्टिकर येतील आणि कागदावर निर्णयाची अंमलबजावणी झालेली असेल.

आपल्याकडे याचा एक अनुभव आहेच. २०१० साली ₹ हे चिन्ह ठरलं, पुढे ते भारतात विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर चारच्या बटणावर छापलंही जाऊ लागलं. तरी ते उमटवायचं कसं, हे आजही कित्येकांना माहीत नाही. उजवं ऑल्ट धरून चार, आणि तेही विंडोजमध्ये इंग्रजी-इंडिया कीबोर्ड निवडला असेल तरच. बटणावर छापल्याने चिन्ह वापरात येत नाही, हे यातून कळतं.

शौकिनांचे आभार, पण...

कीबोर्डच्या छंदाला नावं ठेवायचं कारण नाही. उलट त्याचे आभारच मानायला हवेत. चेरीच्या मूळ स्विचचं पेटंट २०१४च्या सुमारास संपलं, गॅटेरॉन, कैल्ह, औतेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच घडणीचे स्विच बनवायला सुरुवात केली आणि जगभरच्या शौकिनांनी ते उचलून धरले. त्यातूनच किमती खाली आल्या. पूर्वी चैनीचा वाटणारा मेकॅनिकल कीबोर्ड आज दोन-अडीच हजारांपासून मिळतो. स्विच उपटून दुसरा बसवता येण्याची 'हॉट-स्वॅप' सोयही शौकिनांच्या मागणीमुळेच स्वस्त झाली. आणि ही सोय कामाच्या माणसालाच जास्त उपयोगी आहे. एक बटण बिघडलं तर वीस-तीस रुपयांचा एक स्विच बदलायचा, अख्खा कीबोर्ड फेकायचा नाही.

चांगलं औजार दिसायला चमकदार असावं लागत नाही, याची उदाहरणंही आहेत. आयबीएमचा 'मॉडेल एम' १९८५चा. बोजड, दोन किलोहून जड, रंग कार्डबोर्डसारखा. पण त्यातले कित्येक आजही चालू आहेत आणि त्याच घडणीचे कीबोर्ड अमेरिकेतल्या केंटकी राज्यात युनिकॉम्प ही कंपनी अजून बनवते. आपल्याकडे हाच मान टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या 'गोल्ड'ला. बँकेच्या काउंटरपलीकडून येणारा तो 'खट्‌खट्' आवाज आठवतोय? लाइट नाहीत, रंग नाहीत, पण दिवसभर आकडे भरणाऱ्यांनी त्याला सोडलं नाही.

उलट उदाहरण ॲपलचं. २०१५ पासून कंपनीने मॅकबुक आणखी पातळ करण्यासाठी 'बटरफ्लाय' नावाची अतिशय उथळ बटणं आणली. धुळीच्या कणाने बटणं अडकू लागली, एका दाबात दोन अक्षरं उमटू लागली. २०१९ मध्ये कंपनी जुन्या कात्री पद्धतीकडे परत वळायला लागली आणि २०२२ मध्ये ग्राहकांच्या खटल्यात ५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. वस्तू बघायला सुंदर, वापरायला त्रासदायक. किंमत जास्त म्हणजे औजार चांगलं, हे समीकरण तिथेच मोडलं.

तुमचं काम काय?

म्हणून दुकानात जाण्याआधी आवाज, रंग, लाइट बाजूला ठेवून एकच प्रश्न स्वतःला विचारा: मी यावर दिवसभर काय करणार?

कॉमर्सला असाल, टॅलीवर काम करणार असाल तर उजवीकडचा नंबर पॅड आणि वरची फंक्शन बटणं असलेलाच कीबोर्ड हवा. टॅलीत पेमेंटला एफ पाच, सेल्सला एफ आठ, पर्चेसला एफ नऊ. छोट्या, 'साठ टक्के' आकाराच्या देखण्या कीबोर्डवर ही बटणं स्वतंत्र नसतातच. दर व्हाउचरला दोन बटणं एकत्र दाबत बसाल.

कोडिंग करणाऱ्याला नंबर पॅड लागेलच असं नाही. तो नसलेला कीबोर्ड घेतला तर माउस जवळ येतो, खांदा कमी ताणला जातो. पण बाणांची बटणं सोडू नका.

हॉस्टेलमध्ये, पीजीमध्ये किंवा अभ्यासिकेत राहून काम करणार असाल तर निळे स्विच विसरा. रात्री अकरा वाजता त्या 'टक्‌टक्'ने रूममेटशी जे भांडण होईल, त्याला वॉरंटी नसते. तपकिरी किंवा लाल घ्या.

दिवसभर लिहायचं असेल, म्हणजे कंटेंट, भाषांतर, बातम्या, सबटायटल्स, तर तपकिरी स्विचपासून सुरुवात करणं बरं. आणि शक्य असेल तर दुकानात जाऊन निदान एक परिच्छेद टाइप करून बघा, तोही मराठीत. चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतोच की!

दिवसाला तासभरही टाइप करत नसाल तर? मग सातशे रुपयांचा बऱ्यापैकी मेम्ब्रेन पुरेसा आहे. उगाच खर्च नको. हेही औजाराच्याच न्यायाने.

हाताचंही बोलायला हवं. पलंगावर लॅपटॉप ठेवून, मान वाकवून, मनगट कडेवर दाबून तासन्‌तास काम करणं ही आपली सवय झाली आहे. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं. स्क्रीन डोळ्यांसमोर येते, हात कोपरातून सरळ राहतात. कीबोर्डच्या मागचे दोन पाय उघडून तो तिरका करायची पद्धत आहे, ती शक्यतो टाळा. त्याने मनगट मागे मुडपलं जातं. आणि कुठलाही कीबोर्ड विश्रांतीची जागा घेत नाही. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री मनगट ठणकत असेल, तर नवा कीबोर्ड ऑर्डर करण्याआधी डॉक्टरला दाखवा.

राहिला पैशाचा मुद्दा. तीन हजारांचा कीबोर्ड पाच वर्षं चालला तर महिन्याला पडतात पन्नास रुपये. सहाशेचा कीबोर्ड दरवर्षी बदलावा लागला तर तेही महिन्याला पन्नासच. खर्च सारखा. फरक एवढाच की पहिल्यात पाच वर्षं बोटांना नीट काम करायला मिळालं आणि दुसऱ्यात पाच कीबोर्ड भंगारात गेले. अर्थात, तीन हजार एकदम काढणं प्रत्येकाला जमत नाही. आणि इथेच हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. ज्या इन्स्टिट्यूट फी घेऊन टायपिंग शिकवतात, जी कॉलेजं लॅबची फी घेतात, जी केंद्रं परीक्षा घेतात आणि जी ऑफिसं दिवसाला आठ तास टाइप करायला लावतात, त्यांनी कीबोर्डकडे 'सोबत आलेली वस्तू' म्हणून बघणं बंद करायला हवं. सरकारी कीबोर्डवर देवनागरी अक्षरं यायची आहेतच. ती येताना खालची बटणंही चांगली येतील एवढं बघितलं, तर त्या सकाळी सातच्या बॅचलाही त्याचा फायदा पोहोचेल.

घेण्याआधी हे तपासा

• ट, ड, च, य यांची, म्हणजे उजव्या कडेची बटणं पूर्ण आकाराची आणि नेहमीच्या जागी आहेत का?

• दोन्ही शिफ्ट मोठी आहेत का? मराठीत शिफ्ट सतत लागतं.

• अक्षरं वरून छापलेली आहेत की प्लास्टिकमध्ये मुरवलेली? नखाने हलकं खरवडून बघा.

• एकाच वेळी किमान सहा बटणं ओळखतो का?

• बिघडलेला स्विच बदलता येतो का? वॉरंटी किती, आणि सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का?

• वायरलेस घेत असाल तर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का?

• लाइट? ते आवडत असतील तर खुशाल घ्या. फक्त ते यादीत सगळ्यात शेवटी असू द्या.